घरधन्याच्या हातची डागडुजी

पुण्याच्या पेठांतून, वाईच्या घाटालगतच्या आळ्यांतून आणि कोकणातल्या जांभ्याच्या घरांतून जी जुनी वास्तू अद्याप नांदती आहे, तिची काळाने जेवढी हानी केली नसेल तेवढी गेल्या दोन पिढ्यांच्या दुरुस्तीने केली आहे, असे म्हटले तर ते काही घरमालकांस कटू वाटेल. परंतु जोत्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा चढवलेली ओसरीची भिंत, आणि त्या गिलाव्याच्या वरच्या काठाशी फुगून आलेली ओल ज्याने एकदा नीट पाहिली, त्याच्यापुढे निराळा दाखला ठेवण्याची गरज नाही. या दुरुस्तीवर खर्च झाला, मक्तेदाराची देयके चुकती झाली, आणि भिंत मात्र पूर्वीपेक्षा अधिक ओली राहिली. असे का होते हे एकदा ध्यानी आले की यातील पुष्कळसे काम घरच्या माणसांनी स्वतः करण्यासारखे आहे, हेही ध्यानी येईल.

जुन्या वाड्याची घडण साधारण अशी असते: खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया यांचा सांगाडा, मधल्या जागेत विटांचे किंवा पांढऱ्या मातीचे भरकाम, आणि वरून चुन्याचा अथवा मातीचा गिलावा. १७३० साली शनिवारवाड्याचे काम निघाले तेव्हा जुन्नरच्या रानातले सागवान, चिंचवडच्या खाणींतला दगड आणि जेजुरीकडचा चुना आणविला गेला, असे सांगतात. सामान्य गृहस्थाचे घर याच जिनसांचे, फक्त बेताचे. या बांधणीत जमिनीतली ओल अडविणारा थर कोठेही नसतो. ती भिंतीत चढते आणि गिलाव्यातल्या सूक्ष्म छिद्रांवाटे वाफ होऊन निघून जाते. पावसाळ्यात भिंत थोडी ओलावते, माघ-फाल्गुनापर्यंत सुकते, आणि हा व्यवहार दोन-दोनशे वर्षे बिनतक्रार चालतो. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिन याने ज्याचे पेटंट घेतले आणि १९१४च्या सुमारास पोरबंदरला ज्याचे उत्पादन आपल्याकडे सुरू झाले, ते पोर्टलंड सिमेंट धरणाला आणि पुलाला उत्तम खरे. पण त्याचा कठीण, दाट थर मऊ भिंतीवर बसला की वाफेची वाट बंद होते. पाणी मग वर सरकते, आपल्याबरोबर विरघळलेले क्षार नेते, आणि ते क्षार गिलाव्यामागे स्फटिकरूपाने वाढू लागले की विटेचा पृष्ठभाग भुग्यासारखा झडतो. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो तो हाच. तैलरंगाचा थर आणि हल्लीचे रबरासारखे जलरोधक लेप हेही थोड्याफार फरकाने सिमेंटचेच काम करतात.

म्हणून थापी हातात घेण्यापूर्वी पाण्याचा तपास करावा. एखाद्या धो धो पावसाच्या दिवशी छत्री घेऊन घराभोवती फिरावे: पागोळ्या कोठे पडतात, पन्हळ कोठे फुटली आहे, कौल कोठे सरकले आहे, न्हाणीघराचे पाणी जोत्याशी मुरते काय. शहरांतून आणखी एक कारण फार आढळते आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. रस्त्यावर वर्षानुवर्षे डांबराचे थर चढत जातात आणि जोते अर्धेअधिक जमिनीखाली जाते. मग भिंतीला ओल येण्याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही, दाराशी चर काढून पाणी दूर नेण्याची तजवीज केली पाहिजे. पाण्याचा असा बंदोबस्त झाल्यावरही भिंतीस सुकावयास एक हिवाळा द्यावा. दिवाळीच्या रंगरंगोटीची आपली वहिवाट या दृष्टीने अगदी गैरसोयीची आहे, कारण आश्विनात भिंती वर्षभरातल्या सर्वांत ओल्या अवस्थेत असतात आणि तेव्हा लावलेल्या रंगाचे पोपडे पुढल्या शिमग्यापर्यंत निघतात.

आता गिलावा. बोटाच्या सांध्याने भिंत ठोठावीत गेले की जिथे पोकळ आवाज येतो तेवढाच भाग काढावा. घट्ट असलेला जुना चुना उगाच खरवडू नये, कारण तसा चुना आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही. नवा गिलावा जुन्याहून थोडा मऊच असावा, हे या कामातले पहिले सूत्र. झिजायचे असेल तर दुरुस्तीने झिजावे, मूळ भिंतीने नव्हे.

चुन्याची किमया मोठी रंजक आहे. चुनखडक भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजला की त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकताच उकळ्या फुटतात आणि विरलेला चुना तयार होतो. आणि हा चुना भिंतीवर बसला की हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषून पुन्हा दगडाच्याच जातीचा होतो. ‘हळूहळू’ हा यातला कळीचा भाग. पूर्वी बैलाच्या घाणीत चुना मळीत, कोठे त्यात गूळ, बेलफळ, हिरडा किंवा उडदाचे पाणी घालीत, आणि विरलेला चुना महिनोन्महिने पाण्याखाली मुरवीत. घरगुती कामासाठी घाणीचा खटाटोप नको. चांगल्या भट्टीचा, विरवून मुरवलेला चुना मिळवावा, आणि पोत्यातली चुन्याची पूडच हाती लागली तर ती निदान एक-दोन दिवस पाण्यात भिजत ठेवावी. कळीचा चुना घरी विरविण्याचे धाडस नवख्याने करू नये. चुना डोळ्यांत गेला तर दृष्टीस धोका असतो. तेव्हा विरलेल्या चुन्याचे काम करतानाही चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच.

एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली नदीची वाळू हे सर्वसाधारण प्रमाण. खाडीची वाळू नको, तिच्यातील मीठ लोण्याला आमंत्रण देते. भिंतीवरची धूळ कुंच्याने झाडून ती चांगली भिजवावी, खोल गेलेल्या दर्जा आधी भराव्यात, आणि मग बोटाच्या पेरापेक्षा जाड नाही असा थर थापीने दाबून बसवावा. तो रंध्याने सारखा केल्यावर आठवडाभर दिवसातून दोनदा पाणी शिंपावे आणि ऊन लागत असेल तर ओले गोणपाट टांगावे. चुना घाईने वाळला की तडकतो. पुढचा थर त्यानंतर. सर्वांत वर, भिंत ओलसर असताना पातळ चुन्याचे तीन-चार हात द्यावेत. पहिला हात जवळजवळ अदृश्य दिसतो आणि नवखा माणूस निराश होऊन दुसरा हात दाट देतो; तो दाट हातच पुढे भुकटी होऊन कपड्यांना लागतो.

मातीच्या भिंतीला मात्र चुन्याची दुरुस्तीही क्वचित कडक ठरते. तिथे चाळलेली माती, भुसा आणि शेण यांचा लगदा काही दिवस कुजवून लावणे हेच योग्य. या भिंतींचे पाण्याशी किती वैर असते ते १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांनी पाहिले आहे. पण म्हणून जाळी ठोकून त्यांवर सिमेंट चढविणे हा इलाज नव्हे. माती आणि सिमेंट एकमेकांस धरीत नाहीत आणि तो गिलावा एके दिवशी पत्र्यासारखा एकसंध सुटून येतो.

लाकडाचे प्रकरण वेगळे आहे. सागवानी खांबांवर आणि दारांवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेले हिरवे-निळे तैलरंग काढून मूळचे लाकूड उघडे करण्याची हौस हल्ली फार वाढली आहे, आणि ती चांगलीच आहे. फक्त एक सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरात अमलात आला. त्याआधीच्या थरांत शिसे भरपूर असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून कोरडा काचकागद किंवा गॅसची ज्योत वापरू नये. पाण्याने ओले करून घासावे, नाकातोंडाला चांगला मुखपट बांधावा, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या काळापुरते दुसरीकडे ठेवावे, आणि निघालेला लगदा झाडून न टाकता गोळा करून बंद पिशवीत भरावा. कोरीव कामात खरवडणी चालवताना हात आवरता घ्यावा; नक्षीच्या खोबणीत थोडा रंग राहिला तर काही बिघडत नाही. नंतर जवसाच्या पक्क्या तेलाचा पातळ हात किंवा स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्याचे पॉलिश, दोन्ही शोभतात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.

फरशीबद्दल एवढेच सांगणे पुरे की शहाबादी फरशी हा चुनखडकच आहे, आणि न्हाणीघरासाठी बाजारात मिळणारे अ‍ॅसिड तिला खाऊन टाकते. जुन्या नक्षीदार सिमेंट फरश्यांचा रंगीत थरही काही मिलिमीटरांचाच असतो; यंत्राने घासून त्या ‘नव्या’ करून देणाऱ्यास हात लावू देऊ नये. कोमट पाणी, सौम्य साबण आणि दांडगी चिकाटी, एवढ्यावर दोन्हींचे भागते.

येथवरचे काम घरधन्याचे. पण भिंत पोटात फुगलेली असेल, दिवसागणिक रुंदावणारी तिरपी भेग दिसत असेल, खांबाचा पाय टोचून पाहता आत भुसा लागत असेल, किंवा तुळईला वाळवी असेल, तर तो पृष्ठभागाचा मामला राहिलेला नाही. तिथे जुन्या इमारतींची माहिती असलेल्या अभियंत्यास बोलवावे, वाडा वारसा-यादीत असल्यास महापालिकेची परवानगी घ्यावी, आणि तोवर त्या भिंतीवर नवा गिलावा मुळीच चढवू नये, कारण त्याखाली भेग झाकली जाते आणि तपासणीस येणाऱ्याला ती दिसत नाही.