दप्तर सांभाळणाऱ्या यंत्राची निगा

या व्याख्यानमालेत वाङ्मय, राज्यकारभार, अर्थकारण अशा विषयांवर अधिकारी मंडळी बोलत असतात. त्या मानाने आमचा विषय रुक्ष आहे, आणि आमचा अधिकार तर बेताचाच. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे सारे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही हा विषय मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहो, कारण जे शिकलो ते एका चुकीपायी शिकलो, आणि तीच चूक श्रोत्यांपैकी अनेकांच्या संस्थांत उद्या घडू शकते.

कामगार संघटनेचे खरे भांडवल तिचे दप्तर होय. मुंबईच्या गिरण्यांतील संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि पुढे एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या. पुष्कळ वर्षांनी गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना घरे देण्याची वेळ आली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो नोकरीच्या पुराव्याचा. ज्याच्या ट्रंकेत जुनी पगारचिठ्ठी वा गिरणीचे तिकीट जपलेले होते त्याचे काम सोपे झाले. ज्याचे कागद पावसाने वा वाळवीने नेले त्याला वणवण करावी लागली. हक्क असतो, पण तो कागदावाचून सिद्ध होत नाही.

हे ध्यानात घेऊन काही वर्षांपूर्वी आम्ही कचेरीतील हजेरीपट, पगारचिठ्ठ्या, करार आणि दाव्यांची कागदपत्रे स्कॅन करून एका स्टोरेज सर्व्हरमध्ये ठेवली. हे यंत्र म्हणजे चार हार्ड डिस्क असलेला एक संगणकच. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. कचेरीच्या नेटवर्कला ते जोडलेले असते, आणि कोणत्याही टेबलावरून त्यातले कागद पाहता येतात. एखाद्या कोपऱ्यात ते रात्रंदिवस मुकाट्याने चालू राहते, आणि मुकाट्याने चालते म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

एका शुक्रवारी संध्याकाळी या यंत्राच्या बायॉसची नवी आवृत्ती निघाली असल्याचे आमच्या वाचनात आले. नवे ते चांगलेच असणार, अशा समजुतीने आम्ही ती तिथल्या तिथे चढवली. यंत्र बंद झाले, पुन्हा सुरू झाले, पंखे फिरू लागले. परंतु नेटवर्कवर त्याचा मागमूस लागेना. सोमवारी एका मयत कामगाराच्या पत्नीच्या भविष्यनिर्वाह निधीच्या दाव्याची सुनावणी होती. तिच्या नवऱ्याच्या पगारचिठ्ठ्यांचे मूळ कागद केव्हाच जीर्ण होऊन गेले होते. जे होते ते त्या पेटीत. दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती. शनिवारी त्या बाई सुनावणीची वेळ विचारण्यास कचेरीत आल्या, तेव्हा त्यांच्याकडे मान वर करून बोलण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही.

रविवारी एका सभासदाची मुलगी आली. ती संगणकाचेच काम करते. तिने यंत्राला पडदा व कळफलक जोडला आणि अर्ध्या तासात दोष दाखवून दिला. नवी आवृत्ती चढवताना बायॉसच्या साऱ्या सेटिंग मूळ पदावर गेल्या होत्या. जी छोटी डिस्क वाचून यंत्राने जागे व्हायचे ती सोडून ते कागदपत्रांच्या डिस्कमध्ये स्वतःची कार्यप्रणाली शोधीत बसले होते. तिने क्रम पूर्ववत केला आणि दप्तर जसेच्या तसे मिळाले. त्यात दोष यंत्राचा नव्हता, ते बनवणाऱ्यांचाही नव्हता. आमच्या घाईचा आणि अज्ञानाचा होता. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा पिच्छा पुरवला.

प्रथम बायॉस म्हणजे काय ते पाहू. गिरणीत पहिला भोंगा होण्याआधी बॉयलर पेटवणारा कामगार येत असे. तो आला नाही तर हजारो हात असूनही माग हलत नसे. संगणकात हे काम बायॉस करतो. वीज येताच तो प्रथम जागा होतो, स्मृती तपासतो, डिस्क मोजतो आणि मग कोणत्या डिस्कवरून कार्यप्रणाली उचलायची ते ठरवून कारभार तिच्या हाती देतो. बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम या शब्दांची ही आद्याक्षरे. १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी आपल्या सीपीएम या कार्यप्रणालीच्या संदर्भात हे नाव वापरले. आजच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय नावाच्या नव्या रचनेने घेतली आहे, परंतु लोक तिलाही बायॉसच म्हणतात, आणि आम्हीही तसेच म्हणणार आहो.

फर्मवेअर हा शब्द यापेक्षा व्यापक आहे. १९६७ साली अॅशर ऑप्लर यांनी तो योजला. हार्डवेअर म्हणजे लोखंड-तांब्याचे यंत्र, सॉफ्टवेअर म्हणजे सहज बदलता येणारा कार्यक्रम. या दोहोंच्या मधला, यंत्राच्या अंगात मुरलेला जो कार्यक्रम तो फर्मवेअर. पूर्वी तो चिपमध्ये कायमचा कोरलेला असे. पुढे ज्या चिप आल्या त्या काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडून पुसाव्या लागत. १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून फ्लॅश स्मृती आली, आणि त्यानंतर चिप जागच्या जागी विजेने पुसून पुन्हा लिहिता येऊ लागली. सुधारणा सोपी झाली, पण बिघाडही तितकाच सोपा झाला. १९९८ साली तैवानमधील एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या सीआयएच नावाच्या व्हायरसने २६ एप्रिल १९९९ रोजी असंख्य संगणकांच्या डिस्कवरील मजकूर नष्ट केला आणि काही यंत्रांचा बायॉसही पुसून टाकला. अशा यंत्रांत वीज येई, पण जाग येत नसे.

आमच्यासारख्या स्टोरेज सर्व्हरमध्ये फर्मवेअर एका ठिकाणी नसते. मदरबोर्डचा बायॉस हा एक. प्रत्येक डिस्कच्या पोटात तिचे स्वतःचे फर्मवेअर असते, ते दुसरे. तयार पेटी विकत घेतली असेल तर तिच्या संपूर्ण कार्यप्रणालीलाही कंपनी फर्मवेअरच म्हणते, ते तिसरे. या तिन्हींच्या आवृत्त्या निराळ्या, त्या चढवण्याच्या रीती निराळ्या, आणि धोकेही निराळे.

आता कोणी विचारील, इतका धोका आहे तर या वाटेस जावेच कशाला? चालते आहे ते चालू द्यावे. आमच्या प्रसंगानंतर आम्हांसही तसेच वाटले होते. परंतु दोन उदाहरणांनी आमचे मत फिरले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या कंपनीने आपल्या काही एसएसडी डिस्कांबाबत ग्राहकांना इशारा दिला. त्या डिस्क ३२,७६८ तास चालल्या, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास झाले, की बंद पडणार होत्या. आणि एकदा बंद पडल्यावर डिस्कही परत मिळणार नव्हती व तीतला मजकूरही नाही. ३२,७६८ हा २ चा १५ वा घात आहे. १६ जागांच्या ज्या मोजणीत एक जागा धन-ऋण चिन्हाला दिलेली असते ती ३२,७६७ पर्यंतच जाते. जुन्या मोटारीच्या मैलमापकाचे आकडे संपावेत तसाच हा प्रकार. फर्मवेअरची नवी आवृत्ती वेळेत चढवणे हाच उपाय होता. मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीला आणखी काही डिस्कांसाठी ४०,००० तासांचा तसाच इशारा द्यावा लागला.

यातली खोच ध्यानात घ्यावी. पुष्कळ संस्था डिस्कांची रेड ही जोडणी करून निर्धास्त असतात. एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून मजकूर उभा राहतो, असा तिचा भरवसा. परंतु चारही डिस्क एकाच दिवशी सुरू केल्या असतील तर त्यांचे तासही एकदमच भरणार! रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हा धडा आम्ही येथे शिकलो.

दुसरे उदाहरण जून २०२१ चे. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या माय बुक लाइव्ह या घरगुती साठवण-पेट्या जगभर ठिकठिकाणी आपोआप कोऱ्या झाल्या. इंटरनेटवरून दूर बसलेल्या कोणीतरी त्यांना मूळ स्थितीत जाण्याची आज्ञा दिली होती. ही आज्ञा देणाऱ्याला पासवर्ड विचारणाऱ्या ओळी फर्मवेअरमध्ये होत्या, पण त्या निष्क्रिय करून ठेवलेल्या होत्या. या पेट्यांना २०१५ नंतर नवे फर्मवेअर मिळालेलेच नव्हते. पेटी चालू होती म्हणून लोक वापरीत राहिले. म्हणजे काहीच न करणे हाही एक निर्णय असतो, आणि त्याचेही मोल द्यावे लागते.

म्हणून आम्ही कचेरीत काही नियम ठरवले. पहिला नियम असा की नवी आवृत्ती का काढली आहे, ते कंपनीने दिलेल्या टिपणात आधी वाचावे. सुरक्षेचे भगदाड बुजवलेले असेल, किंवा आपल्याच यंत्रातला दोष दुरुस्त केला असेल, तर ती अवश्य घ्यावी. केवळ नव्या प्रोसेसरची सोय केली असेल आणि आपला प्रोसेसर जुनाच असेल, तर बायॉसला हात लावण्याचे कारण नाही. काही वेळा जुन्या आवृत्तीवरून थेट शेवटच्या आवृत्तीवर जाता येत नाही, मधला टप्पा घ्यावा लागतो. तेही त्या टिपणातच लिहिलेले असते.

दुसरा नियम प्रतीचा. आरंभ करण्यापूर्वी संपूर्ण दप्तराची ताजी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती वेगळ्या इमारतीत ठेवावी. नुसती प्रत घेऊन भागत नाही. तीतून चार कागद उघडून पाहावेत. न उघडलेली प्रत म्हणजे न वटवलेला धनादेश होय.

तिसरे काम अगदी सोपे, आणि आमच्याकडून नेमके तेच राहिले होते. बायॉसच्या सेटिंगचा प्रत्येक पडदा मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावा. मदरबोर्डचे नेमके नाव, त्याची आवृत्ती आणि सध्याच्या बायॉसचा क्रमांक वहीत लिहावा. एका नमुन्याची फाइल दुसऱ्यावर चढवणे घातक आहे. फाइल फक्त उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावी, आणि तेथे एसएचए-२५६ ची ६४ अक्षर-अंकांची खूण दिली असेल तर आपल्या फाइलची खूण काढून ती ताडून पाहावी. एक अक्षर जरी निराळे आले तरी फाइल टाकून द्यावी.

चौथी गोष्ट वेळेची आणि विजेची. सुनावणीच्या वा पगारवाटपाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये. सर्वांना आधी कळवून यंत्रावरची कामे थांबवावीत. यंत्र यूपीएसवर असावे आणि यूपीएसची बॅटरी तपासलेली असावी. चिप अर्धी पुसलेली असताना वीज गेली तर यंत्र मुके होते. काम चालू असता पडदा काही मिनिटे काळा राहील, यंत्र आपणहून दोन-तीनदा बंद-चालू होईल. या वेळी बटणाला हात लावू नये. एका वेळी एकच बदल करावा. बायॉस, डिस्क आणि कार्यप्रणाली तिन्ही एका बैठकीत उरकू नयेत, नाही तर बिघाड कोठून आला ते कळत नाही. इतके करूनही यंत्र उठले नाही तर धीर सोडू नये. पुष्कळ मदरबोर्डांवर राखीव दुसरी चिप असते, किंवा पेन ड्राइव्हवरून बायॉस परत लिहिण्याची सोय असते. ती आपल्या यंत्रात आहे की नाही ते आधीच पाहून ठेवावे.

यानंतर सेटिंग. छायाचित्रे समोर धरून एकेक ताडून पाहावी. तारीख व वेळ बरोबर आहे काय? नाही तर रात्रीची प्रत भलत्याच वेळी निघते. डिस्क पूर्वीच्याच पद्धतीने जोडल्या आहेत काय? कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तो क्रम तोच आहे काय? वीज जाऊन परत आल्यावर यंत्राने आपोआप सुरू व्हावे, ही सूचना कायम आहे काय? आपल्याकडे ही सेटिंग विशेष महत्त्वाची; ती हरवली तर शनिवारी रात्री वीज गेलेली पेटी सोमवारपर्यंत बंदच राहते. पंख्यांची गती आणि बायॉसचा पासवर्ड हेही पाहावे. शेवटी सर्व डिस्क निरोगी दिसतात याची खात्री करावी आणि जुने-नवे काही कागद उघडून पाहावेत. मगच वहीत तारीख, आवृत्ती आणि करणाऱ्याची सही घालावी.

या वहीचा आमचा आग्रह आहे. कारखान्यात एकाच जुन्या कारागिराला यंत्राची नस ठाऊक असते, आणि तो निवृत्त झाला की खाते अडून बसते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. संस्थेच्या दप्तराचे तसे होऊ देणे योग्य नाही. म्हणून आमच्याकडे आता दोन माणसे हे काम जाणतात, आणि तिसऱ्याला आम्ही शिकवीत आहो. ज्या मुलीने आमची लाज राखली तिने एक रविवार देऊन पहिल्या दोघांना शिकवले. त्या दोघांत एक आम्ही स्वतः आहो.

श्रोत्यांपैकी कोणी पतपेढीचे चिटणीस असतील, कोणी वाचनालयाचे, कोणी शाळेच्या वा गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीवर असतील. तुमच्या कचेरीच्या कोपऱ्यातही अशी एखादी पेटी असेल. उद्या तिच्यासमोर उभे राहून तीनच प्रश्न विचारा: हिच्या फर्मवेअरची आवृत्ती कोणती, दुसरी प्रत कोठे आहे, आणि हे ठाऊक असलेली माणसे किती? उत्तरे मिळाली नाहीत तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा.

सोमवारच्या त्या सुनावणीत कागद वेळेवर दाखल झाले. त्या बाईंना पेटीची हकिकत आम्ही पुढे सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "आता दुसरी प्रत काढली ना?" काढली होती. ती त्याच आठवड्यात दुसऱ्या इमारतीत पोचली होती.