दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : लांबची वाट लवकर का सरते?

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांमधले अंतर किती, असे कोणी विचारले तर आम्ही उलट विचारतो, कोणत्या वाटेने? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर सुमारे १२,४०० किलोमीटर भरतात. पण तो दोरा लडाख आणि मध्य आशियातले पहाड ओलांडून सैबेरियाच्या पार उत्तरेला जातो; आणि अशा पहाडांवर बिघाड झाला तर विमानाला पुरेसे खाली येण्याची सोय नसते.

डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेले एअर इंडियाचे विमान म्हणून पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून जाई. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी तेच विमान पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेले. अंतर झाले १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशेचा वळसा. आणि पोचले मात्र साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर!

श्रोतेहो, यात चमत्कार काही नाही. विमान चालते हवेतून, आणि हवा स्वतःही चालत असते. प्रवाहाबरोबर जाणारी होडी आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी होडी यांचे गणित कोणत्याही नावाड्याला ठाऊक असते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, उष्ण प्रदेशाकडची हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या सीमेवर, पृथ्वीच्या फिरण्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत वाहतो. हिवाळ्यात तो कधी ताशी तीनशे किलोमीटरांच्याही वर जातो. भागाकार करून पाहावा : पश्चिमेच्या वाटेवर सरासरी ताशी साडेआठशेच्या आत, पूर्वेच्या वाटेवर हजाराच्या वर. यंत्र तेच, फक्त वारा पाठीशी आला.

हा झोत वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने फुगे सोडून मोजला होता. जगाने वाचावे म्हणून त्याने १९२६ साली अहवाल छापला तो एस्परांटो भाषेत! साहजिकच फारसा कोणी वाचला नाही. १९४४ साली जपानवर गेलेल्या अमेरिकी बाँबफेकी विमानांना तो झोत स्वतः भोगून कळला.

घड्याळाची गंमत निराळीच. रविवारी पहाटे चारच्या सुमारास निघालेले हे विमान तिकडे उतरले रविवारीच सकाळी साडेसहाच्या सुमारास. वेळापत्रकावर विसंबणाऱ्याला प्रवास अडीच तासांचा वाटेल. दोन्हीकडच्या घड्याळांतले साडेबारा तास त्याने मिळवायला हवेत.

आम्ही कामगारांत वावरणारे, म्हणून आणखी एक मोजमाप पाहतो. विमान कंपनी प्रवासाचा वेळ मोजते तो चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंत. वैमानिकाचा दिवस मात्र हजेरी लागते तिथून सुरू होतो, आणि आपल्याकडचे सरकारी नियमही तो तिथूनच धरतात. त्या उड्डाणावर चार वैमानिक होते, आळीपाळीने झोपणारे. वाऱ्याने वाचवलेल्या दोन तासांत इंधन आहे, तशी त्यांची झोपही आहे.