वयाला दोष देण्याआधी

पुरणाचा स्वयंपाक म्हणजे सासूबाईंच्या हातचा मळ. पण हल्ली डाळ शिजत टाकली की पुढं काय करायचं तेच सुचत नाही. मामंजी एवढे बोलके, आता तासन्‌तास गप्प बसून राहतात. ‘वय झालं, चालायचंच,’ असं आपण म्हणतो, नाहीतर ‘मुद्दाम करतात’ म्हणून चिडतो. पण भगिनींनो, यामागे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू त्याला लागतो सुमारे २० टक्के. वर्षानुवर्षं रक्तदाब आणि साखर वाढलेली राहिली, की मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होतात. एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारे तंतू उपाशी पडतात. कुठं टिंबाएवढा भाग मरतो. हातपाय लुळे पडत नाहीत, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. एमआरआय काढलं तर मात्र पांढरे डाग दिसतात.

अल्झायमरमध्ये बहुधा नवी आठवण आधी पुसते. इथं आधी मंदावतो तो विचारांचा वेग. कामाचा क्रम लावणं, हिशेब ठेवणं जड जातं. जरा आठवण करून दिली की पुष्कळदा आठवतं. रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः होताहेत, तोवर हा स्मृतिभ्रंश नव्हे, त्याच्या अलीकडची पायरी आहे. सगळेच पुढं घसरतात असंही नाही.

२०१९ साली अमेरिकेतल्या नऊ हजारांवर लोकांच्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं उद्दिष्ट असलेल्या गटात ही पायरी गाठणारे १९ टक्क्यांनी कमी होते. अर्थात आपला आकडा किती हवा, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघातासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत आपला वाशीमही होता. तेव्हा रिसोड असो की मानोरा, सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाबद्दलही विचारा. त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो आणि त्यावर औषध आहे.

घरी एवढं सांभाळा:
• माणशी मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. लोणचं, पापड धरून.
• बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नका.
• खर्रा, मशेरी सोडा. रोज अर्धा तास चाला.
• तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, तर घटकाभरही न थांबता दवाखाना गाठा.

आणि स्वतःलाही विसरू नका. बाळंतपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता, त्यांना पुढं हा धोका जास्त असतो. सासूबाईंना तपासायला न्याल, तेव्हा आपलाही दंड पुढं करा. आणि त्यांच्या हातातली पळी काढून घेऊ नका. शेजारी उभं राहून पुढची पायरी तेवढी सांगा.