गुळवेल ओळखताना पानावर जाऊ नका

करोनाच्या साथीत गुळवेल घराघरात पोचली. रोज सकाळी काढा, कुंडीत वेल, शेजाऱ्यांना फांद्या. मुळशीकडे सहलीला जाणारेही पौडच्या पुढे रस्त्याकडेची वेल हक्काने तोडून आणू लागले. मात्र नेमकी कोणती वेल तोडायची आणि ती किती दिवस प्यायची, हे दोन प्रश्न मागेच राहिले. गुळवेलीबद्दलचे बहुतेक गैरसमज याच दोन प्रश्नांभोवती आहेत.

सर्वांत घातक समज म्हणजे ‘बदामाच्या आकाराचं पान दिसलं की गुळवेल’. पावसाळ्यात मुळशीच्या रानात तसली पानं वाटेल तेवढी असतात. कडू करांद्याचंच घ्या. त्याचं पान मोठं, हिरवंगार आणि अगदी बदामाच्या आकाराचं असतं. पण त्याच्या शिरा देठापासून निघून कमानीसारख्या वळत टोकाकडे जातात, खोड बारीक आणि गुळगुळीत असतं आणि पावसाळा सरता सरता पानांच्या बेचक्यांत बटाट्यासारखे कंद लटकू लागतात. हे कंद नीट न शिजवता, कडवटपणा न काढता खाल्ले तर बाधतात, हे रानातल्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. हिवाळ्यात करांद्याची वेल वाळून जाते. गुळवेल मात्र वर्षानुवर्षं टिकते.

त्याहून फसवी आहे ती गुळवेलीची सख्खी बहीण, टिनोस्पोरा सायनेन्सिस. काही वैद्य तिला पद्मगुडूची म्हणतात. सह्याद्रीत दोघीही सापडतात. पान उलटं करून त्यावरून बोट फिरवा: बहिणीच्या पानाची खालची बाजू मऊ लव असलेली, मखमली लागते, खऱ्या गुळवेलीचं, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाचं, पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतं. तिचा देठ लांब, बुडाशी किंचित फुगलेला आणि पिळलेला असतो. ही खूण बारीक आहे, पण एकदा नजरेत बसली की विसरत नाही.

तरीही माझ्या मते शेवटचा निवाडा खोडावरच व्हायला हवा, कारण उन्हाळ्याच्या तोंडाला गुळवेलीची पानं गळून जातात. अंगठ्याएवढं जाड, जून खोड हातात घ्या. वरची साल कागदासारखी पातळ आणि करड्या रंगाची असते. नखाने खरवडली की तिचे पापुद्रे निघतात आणि खाली हिरवा थर दिसतो. सालीवर बारीक पुटकुळ्या असतात. वरच्या फांद्यांपासून दोऱ्यासारखी लांब मुळं खाली लोंबतात. खोड आडवं कापलं तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. नक्षी एकटी पुरेशी नाही, कारण याच कुळातल्या इतर वेलींतही ती आढळते. साल, पुटकुळ्या, लोंबती मुळं आणि गुळगुळीत पान या सगळ्या खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत. हिवाळ्यात वाटाण्याएवढी लालभडक फळं दिसली तर ओळख आणखी पक्की होते. पण नराची आणि मादीची वेल वेगळी असते, त्यामुळे फळ नाही म्हणून गुळवेल नाही, असंही म्हणता येत नाही.

‘चाखून बघितली, कडू लागली, म्हणजे तीच’ हा तर धोक्याचाच प्रकार. पद्मगुडूचीही कडू असते, टिनोस्पोरा क्रिस्पाही कडू असते. ही क्रिस्पा आग्नेय आशियातली. भारतात ती ईशान्येकडे आढळते, महाराष्ट्राच्या रानातली ती मूळची नाही. तिच्या खोडावर ठसठशीत, मोठे गाठीसारखे फोड असतात. म्हणजे मुळशीच्या रानात पद्मगुडूचीची काळजी घ्यायची आणि बाजारातून किंवा रोपवाटिकेतून आणताना क्रिस्पाची.

‘कडुनिंबावर चढलेलीच गुळवेल औषधी’ असं अनेकजण सांगतात. जुन्या वैद्यांनीही निंबावरची गुळवेल पसंत केली आहे, त्या अनुभवाचा मान ठेवायला हवा. पण गुळवेल बांडगुळासारखी झाडाच्या खोडात मुळं घुसवून रस ओढत नाही. तिची मुळं स्वतःची, जमिनीत असतात. झाड फक्त आधाराला. त्यामुळे ऐनावर किंवा करवंदीच्या जाळीवर चढलेली गुळवेल खोटी ठरत नाही.

‘सत्त्व म्हणजे गुळवेलीचा अर्क’ हाही असाच समज. ताजं खोड ठेचून पाण्यात भिजवतात, कुस्करतात, गाळतात आणि पाणी स्थिर ठेवून तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. तो मुख्यतः पिष्ट असतो. कडू द्रव्यांचा बराच भाग वरच्या पाण्याबरोबर निघून जातो. त्यामुळे काढा, सत्त्व आणि गुळवेलीच्या घनापासून केलेली संशमनी वटी एकाच मोजमापात धरणं चूक आहे.

आता सर्वांत मोठा समज: ‘गुळवेल रोज घ्या, अपाय काहीच नाही.’ परंपरेत गुळवेल आहे ती प्रामुख्याने तापावरचं औषध म्हणून. गुळवेलीपासून केलेलं अमृतारिष्टही तापासाठीच दिलं जातं. चरकसंहितेत गुडूचीचा, म्हणजे गुळवेलीचा, रस मेध्य म्हणजे बुद्धीला हितकर रसायनांतही येतो, हे खरं. पण रसायन प्रकृती पाहून, वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायचं असतं. साथीच्या काळात घरोघरी झालं ते वेगळंच: निरोगी माणसं महिनोन्महिने, मनाला येईल त्या प्रमाणात काढा पीत राहिली.

सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली. ती 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, क्रिस्पासारखी दुसरी वेल असू शकते. पुढे 2022 मध्ये देशभरातल्या 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला. त्यातही शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं चित्र पुष्कळ जणांत दिसलं. चुकीच्या वेलीचा मुद्दा महत्त्वाचा आहेच, पण सगळा दोष तिच्यावर टाकून रोजचा काढा सुरू ठेवणं मला पटत नाही. प्रतिकारयंत्रणेला चालना देणारं औषध थायरॉइड, संधिवात किंवा यकृताचा स्वयंप्रतिकार विकार असलेल्याला उलट बाधू शकतं. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास साखर फार उतरू शकते. गर्भवतींनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना उडाली तर काढा लगेच थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि गुळवेल घेत होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

राहिला तोडण्याचा प्रश्न. ‘तोडली तरी पुन्हा फुटते’ हे बऱ्याच अंशी खरं आहे. खोड खाली कापलं तरी वरचा भाग मुळं सोडून जगायची धडपड करतो. म्हणून बुंध्यापासून ओरबाडून न्यावी असं नाही. मुळशीच्या पुढचं ताम्हिणी 2013 पासून अभयारण्य आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून वनस्पती नेणं गुन्हा आहे. शिवाय गरजही नाही. ओळख पटलेल्या वेलीची वीतभर लांबीची, दोन-तीन डोळे असलेली जून फांदी पावसाच्या तोंडाला कुंपणाशी खोचली की ती सहज लागते. सुरुवात मात्र जाणत्या वैद्याने किंवा वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाने ओळख पटवलेल्या वेलीपासूनच करा.