गाळलेले पाणी

सातारा जिल्ह्यात उंब्रज येथे तारळी नदी कृष्णेला मिळते. पावसाळ्यात नद्यांचे पाणी गढूळ होते. अशा दिवसांत घागरीच्या तोंडाला स्वच्छ फडके दुपदरी करून बांधावे व त्यातून पाणी गाळावे, ही खेड्यापाड्यांतील जुनी रीत. काडीकचरा अडावा, एवढाच तिचा उपयोग असे पुष्कळांना वाटते. परंतु भारतातून एक भयंकर रोग नाहीसा करण्यात या साध्या फडक्याचा मोठा वाटा आहे. त्या रोगाचे नाव नारू.

नारू हा दोऱ्यासारखा बारीक, पण दोन-तीन फूट लांबीचा जंत. तो माणसाच्या कातडीखाली वाढतो. जवळजवळ वर्षभर रोग्याला त्याचा पत्ताही नसतो. मग एके दिवशी बहुधा पायावर फोड येतो, आगआग होते, फोड फुटतो आणि जंताचे टोक बाहेर डोकावते. ते जोराने ओढले तर तुटते व पाय सुजून पिकतो. म्हणून बारीक काडीला गुंडाळून तो रोज थोडाथोडा बाहेर काढावा लागे. यात कित्येक आठवडे जात. घरचा कर्ता माणूस असा पडून राहिल्यावर शेत कोणी पाहावे?

हा जंत येई पाण्यातून. पायऱ्यांच्या विहिरी दिसण्यास सुंदर, परंतु पाणी भरणारा त्यांत थेट पाण्यापर्यंत उतरतो. रोगी दुखरा पाय पाण्यात बुडवी आणि नारू आपली हजारो सूक्ष्म पिले तेथे सोडी. पाण्यात सायक्लॉप्स नावाचे, खसखशीच्या दाण्याएवढे जीव असतात. ते ही पिले गिळीत. तेच पाणी कोणी न गाळता प्याला, की सायक्लॉप्स त्याच्या पोटात मरत, पिले मोकळी होत आणि वर्षाने त्याच्याही पायावर फोड येई.

या रोगावर खात्रीचे औषध नाही, लसही नाही. १९८४ साली भारतातील ७ राज्यांत सुमारे ४० हजार रोगी होते. त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. आरोग्यसेवक गावोगाव हिंडले. पाणी दाट विणीच्या कापडातून गाळा, कापडाची तीच बाजू नेहमी वर ठेवा, फोड आलेला पाय पिण्याच्या पाण्यात घालू नका, असे ते घरोघर सांगत. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधले, हातपंप बसविले. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रोगी आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

मात्र फडक्याची सत्ता येथे संपते. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू इतके सूक्ष्म असतात, की ते कापडातून सहज पार होतात. त्यांच्यासाठी गाळलेले पाणी खळखळ उकळावे लागते. उकळलेले पाणीही घरात पुन्हा बिघडते. शौचाहून आलेला मुलगा साबणाने हात न धुता माठात पेला बुडवितो, बोटे पाण्याला लागतात आणि विहिरीतल्या त्या दुखऱ्या पायाचीच गोष्ट घरात घडते. यासाठी माठावर झाकण ठेवावे, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे आणि ते ओगराळे जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगावे.