नाईक यशवंत घाडगे : एक स्मरण

युद्धात पडलेल्या प्रत्येक सैनिकाची समाधी असतेच असे नाही. मग त्याची आठवण ठेवायची कोठे?

नाईक यशवंत घाडगे हे आजच्या रायगड जिल्ह्यातील पळसगावचे. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतील सारे जवान मृत वा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एका शत्रूसैनिकाला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरण्यास वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते धारातीर्थी पडले. वय अवघे २२ वर्षे.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. समाधी मात्र नाही. इटलीतील कॅसिनो येथे, समाधी नसलेल्या सैनिकांच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. पदक मिळालेले आणि न मिळालेले, दोघांनाही तेथे स्थान आहे.

पदकवाल्याचा पुतळा उभा राहतो. बाकीच्यांचे उरते ते केवळ नाव. विद्यार्थिमित्रांनो, कोरलेल्या नावाला वाचणारा हवा. स्मारकापाशी क्षणभर थांबा, सारी नावे वाचा.