बिबट्याच्या शेजारी राहताना

मुंबईतल्या बोरिवली-मुलुंडकरांना रात्री कचरा टाकून धडपणे घरी परतायचं असतं एवढंच. पण शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि त्यात बिबटे आहेत.

बिबट्या वस्तीत येतो तो बहुधा कुत्र्यांसाठी. उकिरडा साचला की भटकी कुत्री जमतात, त्यांच्या मागावर तो येतो. म्हणून कचरागाडी वेळेवर येणं हा पिंजऱ्याहून सरस बंदोबस्त.

पिंजरा तर अंगाशीच आला होता. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात त्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढल्याचं दिसलं.

बिबट्या दबा धरतो, बऱ्याचदा पाठीमागून झडप घालतो. बसलेला, वाकलेला माणूस किंवा लहान मूल त्याला सोपं सावज वाटू शकतं. २०२१ साली मुंबईतल्याच आरे वसाहतीत घराबाहेर बसलेल्या एका वृद्धेवर असाच हल्ला झाला. तिने हातातली काठी हाणली आणि ती वाचली!

अंधारात टॉर्च हवा, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावावीत, मुलांना एकटं सोडू नये, उघड्यावर शौचाला बसू नये. बिबट्या समोर आलाच तर पळू नये, वाकू नये; सावकाश मागे सरावं. गर्दी करून त्याची वाट अडवणं सगळ्यात वाईट. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.